सेकंडहँड गेमिंग कॉम्प्युटर: कुठला पार्ट कसा मरतो?

२०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव चढायला लागले आणि कमी पैशांत गेमिंग कॉम्प्युटर जुळवायला निघालेल्यांचं गणित कोलमडलं. या भाववाढीचं कारण गेमिंगमध्ये नाहीच. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी त्यांच्याच कारखान्यांत तयार होते आणि तिला पैसाही जास्त मिळतो. कारखाने तेवढेच, त्यामुळे तिकडे जास्त माल गेला की घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला कमी येतो. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रूशियल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

त्याच सुमाराला, १४ ऑक्टोबर २०२५ला, विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ज्यांवर अधिकृतपणे चालत नाही असे धडधाकट कॉम्प्युटर घरांतून आणि ऑफिसांतून बाहेर पडायला लागले. नवं महाग आणि जुनं मुबलक, असा हा काळ आहे. साहजिकच लोक वापरलेल्या पार्टांकडे वळलेत, आणि तितक्याच साहजिकपणे घाबरलेतही.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न बहुतेक जण एकच विचारतात: किती जुना आहे? माझ्या मते या प्रश्नाने फारसं काही कळत नाही. आठ वर्षांचा प्रोसेसर बिनधास्त घ्यावा आणि त्याच्याच शेजारी बसलेल्या तीन वर्षांच्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, हातही लावू नये, असं अनेकदा असतं. असं का, हे कळायला प्रत्येक पार्ट मरतो कसा हे कळलं पाहिजे.

## आधी नावं समजून घेऊ

गेम म्हणजे सेकंदाला साठ वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, नव्याने काढलं जाणारं चित्र. त्या चित्रात काय घडतंय, कोण कुठे पळालं, गोळी कुणाला लागली, हे प्रोसेसर ठरवतो. चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. रंगकामाला लागणारं सामान कार्ड स्वतःच्या मेमरीत ठेवतं, तिला व्हीरॅम म्हणतात. प्रोसेसरला हाताशी लागणारं सामान रॅममध्ये असतं, आणि बंद केल्यावरही टिकायला हवं ते एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर. या सगळ्यांना जोडणारी पाटी म्हणजे मदरबोर्ड. भिंतीतली वीज घेऊन प्रत्येकाला झेपेल अशी पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस.

गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात जास्त पैसा ग्राफिक्स कार्डात जातो. सेकंडहँडमध्ये सगळ्यात जास्त बचत तिथेच होते आणि सगळ्यात जास्त फसवणूकही तिथेच.

## झिजतं म्हणजे नेमकं काय होतं?

जुनी सायकल घेताना फ्रेमचं वय कुणी विचारत नाही. चेन बघतात, ब्रेकचे रबर बघतात, चाक फिरवून बघतात. कारण फ्रेम तडकली नसेल तर ती वर्षानुवर्षं टिकते आणि झिजतात ते हलणारे भाग. कॉम्प्युटरचंही तसंच आहे.

सिलिकॉनच्या चिपमध्ये हलणारं काही नाही. नेमून दिलेल्या व्होल्टेजवर आणि तापमानात ती चालली, तर बहुतेक वेळा कॉम्प्युटर कालबाह्य होतो पण चिप शाबूत राहते. पंखे आणि हार्ड डिस्क मात्र फिरतात, म्हणून झिजतात. काही गोष्टी वाळतात: चिप आणि तिला थंड ठेवणाऱ्या धातूच्या हीटसिंकमधली थर्मल पेस्ट, आणि कपॅसिटरच्या आतला द्रव. कपॅसिटर म्हणजे वीज क्षणभर साठवून तिचा प्रवाह सपाट करणारी छोटी डबी. एसएसडी झिजते ती तिच्यावर लिहून लिहून. आणि एक मरण असं आहे की पार्ट ठणठणीत असतो, पण नवं सॉफ्टवेअर त्याला ओळख देणं बंद करतं.

म्हणून मी प्रत्येक पार्टाला दोन प्रश्न लावतो. हा मरायच्या आधी काही लक्षण दाखवतो का? आणि मरताना शेजाऱ्याला बरोबर नेतो का?

## प्रोसेसर आणि रॅम: इथे धीट व्हा

प्रोसेसर चालू असेल तर तो चालत राहण्याची शक्यता फार मोठी असते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी अनेक ताकदवान मॉडेलांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे चिपच हळूहळू बिघडत असल्याचं २०२४मध्ये उघड झालं. इंटेलने त्यावर बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डातच साठवलेल्या प्रोग्रॅममधून) द्यायची दुरुस्ती आणली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधी झालेलं नुकसान या दुरुस्तीने भरून येत नाही. असा प्रोसेसर घ्यायचाच असेल तर वॉरंटी शिल्लक असलेला घ्या, नाहीतर १२व्या पिढीवर थांबा.

सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरांना पिना खालच्या बाजूला असतात. तो आडवा धरून पिनांच्या रांगांमधून आरपार बघा. रांग सरळ असेल तर पलीकडचा उजेड सरळ पट्ट्यांमध्ये दिसतो, वाकलेली पिन तो पट्टा तोडते.

रॅमचंही फारसं काही झिजत नाही. बिघडलेली रॅम ‘मेमटेस्ट८६’ या मोफत प्रोग्रॅमने बहुधा पकडता येते. रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर परत करा, ‘एकच तर आहे’ असं म्हणू नका. इथला खरा सापळा वेगळा आहे. सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड’ प्रकारची डीडीआर४ (म्हणजे आधीच्या पिढीची) रॅम स्वस्तात मिळते आणि घरगुती मदरबोर्डाच्या खाचेत छान बसतेही, पण कॉम्प्युटर सुरूच होत नाही. लेबलवर ‘आरडीआयएमएम’ किंवा आकड्यांच्या शेवटी ‘आर’ दिसला तर सोडून द्या. आणि १६ जीबीची एक काडी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या. दोन काड्यांमुळे प्रोसेसरला दोन वाटांनी सामान मिळतं, आणि त्याचा फरक गेममध्ये दिसतो.

## मदरबोर्ड: मोबाइलचा टॉर्च काढा

इंटेलच्या डेस्कटॉप मदरबोर्डांत आणि एएमडीच्या एएम५मध्ये पिना सॉकेटमध्येच असतात. इंटेलच्या एलजीए १७०० या सॉकेटच्या नावातला आकडा म्हणजे तेवढ्या पिना. प्रत्येक पिन केसासारखी बारीक, एका बाजूला किंचित वाकवलेली.

सॉकेटवरचं झाकण उघडायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च वरून न धरता बाजूने, तिरका धरा. मग मान हलवत बघा. सगळ्या पिनांची टोकं एकदम चमकतात आणि एकदम विझतात, वाऱ्यावर गवत हलावं तशी. वाकलेली पिन त्यांच्याबरोबर चमकत नाही. बाकीचा पट्टा उजळतो तेव्हा तिथे काळा ठिपका राहतो. हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि मदरबोर्डाचे बरेच घोटाळे इथेच सापडतात. वाकलेल्या पिनेचे परिणाम चकवणारे असतात. कॉम्प्युटर सुरू होतो, पण रॅमची एक खाच मेलेली असते, किंवा ग्राफिक्स कार्डाला निम्माच वेग मिळतो.

मदरबोर्ड सहसा प्रोसेसर आणि रॅमसकट जोडीने घ्यावा आणि चालू अवस्थेत बघावा. सुटा, ‘बॉक्समध्ये पडून होता’ म्हणणाऱ्याचा बोर्ड मी तरी घेत नाही.

## एसएमपीएस: इथे काटकसर नको

वर म्हटलेल्या दोन्ही प्रश्नांना एसएमपीएसची उत्तरं वाईट आहेत. तो आतून वाळतो आणि बाहेरून काही दिसत नाही. कपॅसिटरच्या बाबतीत ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणजे कोंदट, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमधली तीन वर्षं हवेशीर जागेतल्या सहा वर्षांएवढी. विकणाऱ्याकडे तो पाच मिनिटं चालतो, कारण त्या वेळी त्याच्यावर भार नसतो. भार येतो घरी, गेम रंगात आल्यावर. आणि मरताना स्वस्तातला एसएमपीएस चुकीचं व्होल्टेज सोडून मदरबोर्ड, डिस्क, कार्ड यांपैकी काहीही बरोबर नेऊ शकतो. तो उघडून तपासायच्या भानगडीत तर पडूच नका. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरात जिवावर बेतेल एवढी वीज साठलेली असू शकते.

वायरींचा धोका तर अनेकांना माहीतच नसतो. काही एसएमपीएसच्या वायरी दोन्ही बाजूंनी सुट्या होतात, त्यांना मॉड्युलर म्हणतात. काही वर्षांपूर्वी मी माझा एसएमपीएस बदलला. जुन्याच्या वायरी कॅबिनेटच्या मागून नीट बांधलेल्या होत्या. नव्या डब्यात त्यांची टोकं खटकन बसली, म्हणून त्याच ठेवल्या. बटण दाबलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. एसएसडी गेली, हार्ड डिस्क गेली, आणि हार्ड डिस्कवर दहा वर्षांचे घरचे फोटो होते, ज्यांची दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती.

कारण साधं होतं. वायरीचं डिस्ककडचं टोक जगभर सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंच प्रमाण नाही. एका कंपनीच्या प्लगमध्ये जिथे ५ व्होल्ट येतात, तिथेच दुसऱ्या कंपनीच्या प्लगमध्ये १२ व्होल्ट असू शकतात, आणि प्लगचा आकार मात्र तोच. वापरलेल्या एसएमपीएसबरोबर कुठल्या तरी वायरी गोळा करून दिलेल्या असतात, तेव्हा हे अंगावर येतं.

म्हणून एसएमपीएस नवा घ्या. त्यावरचा ‘८० प्लस’ शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, सुरक्षिततेबद्दल काही सांगत नाही. सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देणारा निर्माता बघणं जास्त उपयोगाचं. अगदी नाइलाज असेल तर अशी लांब वॉरंटी बरीच शिल्लक असलेला, मूळ बिलासकट आणि मूळ वायरींसकट मिळाला तरच वापरलेला घ्यावा.

## ग्राफिक्स कार्ड: अर्धा तास द्या

आधी कार्ड बंद असताना हातात घ्या. मदरबोर्डाच्या खाचेत जाणाऱ्या सोनेरी पट्टीच्या टोकाला हुकासारखा एक भाग असतो, त्याच्या आसपास बारीक तडा आहे का बघा. जड कार्डं आधाराशिवाय वर्षानुवर्षं लोंबत राहिली की तिथे पाटी तडकते. पंखे बोटाने हलकेच फिरवा. एखादा डगमगत असेल किंवा खरखरत थांबत असेल तर त्याचं बेअरिंग गेलंय. पंखा बदलता येतो, पण किमतीतून तेवढं वजा झालं पाहिजे. स्क्रूवरचं सील फाटलेलं असेल तर लगेच संशय नको, पेस्ट बदलायला कार्ड उघडावंच लागतं. मात्र चिपभोवतीची पाटी करपल्यासारखी दिसत असेल, प्लास्टिक वितळलेलं असेल, तर हात जोडा. मेलेलं कार्ड हीट गनने तापवून काही आठवडे जिवंत करता येतं, आणि तेवढ्यात विकलंही जातं.

मग ते चालू करून ‘जीपीयू-झेड’ नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम उघडा. कार्डालाही स्वतःचं बायोस असतं. जुन्या, कमकुवत कार्डात खोटं बायोस भरून ते नव्या मॉडेलच्या नावाने विकण्याचा धंदा बरीच वर्षं चालू आहे, आणि अशी अनेक कार्डं हा प्रोग्रॅम खोटी म्हणून ओळखतो. खऱ्या नावातही चकवा असतो. एनव्हीडिया या कंपनीच्या जीटीएक्स १०६०च्या ३ जीबी आणि ६ जीबी या दोन आवृत्त्यांमध्ये फक्त मेमरीचा फरक नाही. एकीत ११५२ कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग आहेत, दुसरीत १२८०. एएमडीच्या आरएक्स ५८०मध्ये २३०४ असतात, पण त्याच नावाच्या एका आवृत्तीत २०४८च. मॉडेलच्या नावाबरोबर हा आकडाही निर्मात्याच्या माहितीशी जुळवा.

आता एखादा जड गेम किंवा ‘फरमार्क’सारखी चाचणी लावा आणि अर्धा तास तिथेच बसा. पहिली पाच मिनिटं सगळीच कार्डं गुणी वाटतात. तापमान वर जाऊन एका आकड्यावर स्थिरावलं पाहिजे. अनेक कार्डांमध्ये ‘हॉट स्पॉट’ म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा आकडाही दिसतो. सरासरी तापमानापेक्षा तो दहा-वीस अंश जास्त असणं नेहमीचं. फरक तीस अंशांच्या पुढे गेला तर पेस्ट वाळलेली किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. हा दोष घरी दुरुस्त होतो. पडद्यावर रंगीत चौकोन, ठिपके, पट्टे उमटले तर मात्र मेमरी किंवा चिप आजारी आहे, आणि त्या कार्डाला कितीही कमी किंमत सांगितली तरी ते महागच आहे. तारेसारखा बारीक ‘कीं’ आवाज अनेक चांगल्या कार्डांतूनही येतो. तो त्रासदायक असतो, पण आजार नव्हे.

## ‘पण ते मायनिंगचं असेल तर?’

ही शंका सगळे घेतात. मायनिंग म्हणजे क्रिप्टोचलन कमावण्यासाठी कार्डांना रात्रंदिवस गणितं सोडवायला लावणं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या चलनाने ही पद्धत सोडली आणि जगभरची लाखो कार्डं एका रात्रीत बिनकामाची झाली. त्यांतली कित्येक आजही हातोहात फिरतायत.

एक गाडी शहरात रोज शंभर वेळा थांबते, सुटते. दुसरी महामार्गावर एका वेगाने मैलोन् मैल जाते. दुसरीचं मीटर जास्त दिसेल, पण इंजिनाची परवड पहिलीची होते. चिपला आणि तिच्याखालच्या सोल्डरला सतत तापण्यापेक्षा तापणं-थंड होणं जास्त छळतं, कारण प्रत्येक वेळी धातू फुगतो आणि आक्रसतो. मायनिंगचं कार्ड एका तापमानावर चालत राहतं, आणि वीजबिल वाचवायला सावध मायनर त्याची वीजही कमी करून ठेवतो. म्हणून त्याची चिप बऱ्याचदा ठीक असते.

झिजतात ते पंखे आणि मेमरी थंड ठेवणारे थर्मल पॅड. आरटीएक्स ३०८० आणि ३०९०सारख्या कार्डांत जीडीडीआर६एक्स ही फार तापणारी मेमरी आहे आणि इथेरियमच्या मायनिंगचा मुख्य भार मेमरीवरच पडायचा. या कार्डांचं मेमरी तापमान मी आवर्जून बघतो, ११० अंशांना टेकत असेल तर पॅड गेलेत. आरएक्स ४७०, ५७०, ५८० यांच्यात पुष्कळदा मायनिंगसाठी बदललेलं बायोस राहून गेलेलं असतं, मूळ बायोस परत भरल्याशिवाय गेम नीट चालत नाहीत.

थोडक्यात, घ्यायला हरकत नाही, पण वेगळ्या किमतीला. ‘मायनिंगला वापरलं होतं’ असं स्वतःहून सांगणाऱ्याशी व्यवहार करायला मला उलट बरं वाटतं.

## ‘कार्ड ठणठणीत आहे, मग अडचण काय?’

अडचण सॉफ्टवेअरची. २०१६ साली आलेल्या जीटीएक्स १० मालिकेने अनेकांची पहिली मोठी हौस पुरवली. पण नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला विंडोजशी बोलायला शिकवणारे प्रोग्रॅम, तिला देणं एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५नंतर थांबवलं. ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. दुसरीकडे काही नवे गेम रे ट्रेसिंगशिवाय सुरूच होत नाहीत. रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशाचा प्रत्येक किरण कुठे आपटून कुठे जाईल याचा हिशेब, आणि त्यासाठी कार्डात वेगळी यंत्रणा लागते. डिसेंबर २०२४मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५चा ‘डूम: द डार्क एजेस’ हे असेच.

तेव्हा पाच-दहा वर्षांपूर्वीचे गेम किंवा हलके ऑनलाइन गेमच खेळायचे असतील तर जुनं कार्ड सोन्यासारखं आहे. नवे मोठे गेम डोक्यात असतील तर एनव्हीडियात आरटीएक्स २० मालिका, एएमडीत आरएक्स ६००० मालिका याहून जुनं घेऊ नका, आणि व्हीरॅम ८ जीबीपेक्षा कमी नको.

## एसएसडी, हार्ड डिस्क आणि बाकीचं

वापरलेली हार्ड डिस्क घेऊ नका. एसएसडीला मात्र गाडीसारखं मीटर असतं: ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये तिचं आरोग्य टक्क्यांत आणि आजवर किती लिहिलं गेलं ते दिसतं. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण ३०० टेराबाइट लिहिण्यापर्यंतची हमी असते, आणि घरगुती वापरात तिथवर पोचायला बरीच वर्षं जातात. ९० टक्क्यांच्या वर असेल तर घ्या, फक्त एकुलते फोटो तिच्यावर ठेवू नका. कॅबिनेट कितीही जुना चालतो.

## ‘त्यापेक्षा ऑफिसचा जुना कॉम्प्युटर घेऊन कार्ड टाकलं तर?’

कल्पना चांगली आहे आणि अनेकदा सगळ्यात स्वस्तही पडते. घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. प्रोसेसर इंटेलच्या ८व्या पिढीच्या किंवा एएमडीच्या रायझन २०००च्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही, आणि आज तो स्वस्त का मिळतोय त्याचं कारण बहुधा हेच. ब्रँडेड कॉम्प्युटरांतला एसएमपीएस आणि त्याचे प्लग पुष्कळदा त्या कंपनीचे वेगळेच असतात, म्हणजे मोठा एसएमपीएस बसवता येत नाही. मग जास्तीची वीज न मागणारं, फक्त मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं कार्डच शोधावं लागतं. आणि कॅबिनेट बारीक असेल तर तेही निम्म्या उंचीचं. दणकट कार्ड आधी घेऊन मग असा डबा घेतला, तर नाकापेक्षा मोती जड होतो.

## ‘वॉरंटी नाही, मग नवंच का नको?’

काही निर्माते वॉरंटी सीरियल नंबरवर देतात, काही फक्त पहिल्या गिऱ्हाइकाला. बिल मागा आणि सीरियल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी ताडून बघा. बिल असलं की माल चोरीचा असण्याची शंकाही बरीच कमी होते. किमतीबद्दल माझा हिशेब असा की नव्याच्या दोन-तृतीयांशपेक्षा जास्त मागत असेल तर नवंच घ्यावं. तेवढ्या फरकासाठी स्वतःच्या डोक्यावर धोका घेण्यात अर्थ नाही. तुलना करताना त्याच मॉडेलच्या जुन्या छापील किमतीकडे बघू नका. तेवढंच काम करणारं आजचं नवं मॉडेल केवढ्याला मिळतं ते बघा. सध्या रॅममुळे हे गणित आणखी हललंय. वापरलेल्या डीडीआर४ रॅमसकट मदरबोर्ड-प्रोसेसरची जोडी मिळाली, तर त्यातल्या रॅमची किंमत वेगळी मोजून बघा.

माल घरी आला की कॅबिनेटमध्ये घाई करून बसवू नका. मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवा, नवा एसएमपीएस जोडा, एकच रॅमची काडी लावा आणि सुरू करा. मग दुसरी काडी, मग कार्ड. रात्रभर मेमटेस्ट, सकाळी तासभर कार्डाची चाचणी. विकणाऱ्याने परत घेण्यासाठी जी मुदत कबूल केली असेल, तिच्यातला पहिलाच दिवस यासाठी ठेवा.